अक्काचा उजळलेला फोटो

आमच्या अक्काइतकं उघड बोलणारं माणूस तेलंगणातल्या आमच्या भैंशा गावात दुसरं झालं नाही आणि होणारही नाही, हे मी भेटेल त्याला सांगत आलो आहे. एक गोष्ट मात्र आजवर कोणालाच सांगितली नाही, अगदी बायकोलाही नाही. फोनवर अक्काचा लाइव्ह व्हिडिओ सुरू झाला म्हणजे मी माझ्या फोटो स्टुडिओचं शटर अर्ध्यावर ओढतो, फोनचा आवाज बारीक करतो आणि आज माझं नाव निघतं की काय म्हणून जीव मुठीत धरून बसतो.

अक्का माझी चुलतबहीण, माझ्याहून थोडी मोठी. रंगानं काळी. ‘सावळी’ म्हटलेलं तिला खपत नाही. "सावळी काऊन म्हनतं? काळी म्हन ना. जीभ भाजते काय तुही?" बाजारात तिचं भाजीचं दुकान आहे. मराठी गिऱ्हाईक तिला अक्का म्हणतं, तेलुगू गिऱ्हाईकही अक्काच म्हणतं, त्यामुळे ती अख्ख्या गावाची थोरली बहीण असल्यासारखी वागते. सुनेनं तिला फोन घेऊन दिला तो स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहायला. अक्कानं ते लवकरच सोडले आणि वर्णभेदाला हात घातला. फोन वजनकाट्याला टेकवायचा, पदर खोचायचा आणि सुरू व्हायचं. विषय साऱ्या जगाचा असला तरी धंदा थांबत नाही. "तं बाया हो, कातडी पाहून मानसाची किंमत करनं हे... अर्धा किलो वीस रुपये, अम्मा, कमी नाही होत... हे पाप हाये पाप!" एकदा तिनं वांगं हातात धरून लोकांची झडती घेतली. "हे काळं कुळकुळीत, चकाकते म्हनून निवडून निवडून नेता. अन् सून पाहाले गेले का तोंड वाकडं करता. वांग्याइतकी तरी इज्जत द्या ना पोरीले!"

नातेवाइकांच्या ग्रुपवर एका भाच्यानं मॅचच्या दिवशी कुठल्याशा आफ्रिकन खेळाडूच्या रंगावरून विनोद टाकला. खाली हसरे चेहरे धडाधड उमटले. त्यातला एक माझाही होता. अक्कानं तिथंच आवाज भरून पाठवला, "हसले ते सगळे इकडं या. मी त्याच रंगाची हाये. आता मह्या तोंडावर हसून दाखवा." त्यानंतर कित्येक दिवस गुड मॉर्निंगशिवाय ग्रुपवर कोणी काही टाकायला धजेना. भाच्यानं फोन करून माफी मागितली, तर म्हणाली, "हे कानात नको सांगू. जिथं घान केली तिथंच झाडू मार, नावानिशी." त्याला ग्रुपवर लिहावंच लागलं. हा तिचा कायदाच आहे. ग्रुप सोडून खासगीत पाठवलेला मेसेज ती वाचतसुद्धा नाही.

दुसऱ्यांना झाडते तशी ती स्वतःलाही सोडत नाही, म्हणून लोक तिचं ऐकतात. बसस्टँडजवळच्या पार्लरात ईशान्येकडची एक मुलगी कामाला आली. पोरं तिला चिनी, नेपाळी, वाटेल ते म्हणायची. अक्कानं तिला शेजारी बसवून लाइव्ह केला. "ही आपल्याच देशातली लेक हाये. नकाशा येत नसन तं शाळेत जा, तिच्या मागं काऊन फिरता?" इथवर झकास चाललं होतं. मग अक्कानं मोठ्या मायेनं विचारलं, "बरं बेटी, तुम लोग साप खाते बोलते, सच्ची क्या?" मुलगी हसली. म्हणाली, "नहीं आंटी. आप खाती हैं?" अक्कानं सगळ्यांसमोर स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "पाह्यलं? मह्यातबी हाये हे. मी काय आभाळातून पडली काय?"

एका दिवट्यानं खाली लिहिलं, ‘आधी आरशात पाह्य.’ दुसऱ्या दिवशी अक्कानं आरसा आणला आणि भर लाइव्हमध्ये पाहत बसली. वेणी घातली, कुंकू लावलं, कानामागं कोथिंबिरीची काडी खोचून पाहिली, काढली. मग म्हणाली, "पाह्यलं बापा. मले तं आवडलं. तू जेवला का?" तो इसम पुढं तिचं कायमचं गिऱ्हाईक झाला, आणि अजूनही तो तिच्याशी घासाघीस करत नाही.

अशाच एका लाइव्हमध्ये तिनं आपला लग्नाआधीचा, एका स्थळाकडे पाठवलेला फोटो दाखवला. "हे तोंड पाह्य, दुधासारखं. अन् हे खाली हात पाह्य!" मांडीवर ठेवलेले दोन्ही हात काळेच होते. "पोराच्या मायनं पोहे खाल्ले अन् म्हने, फोटोतली पोरगी कुठी हाये, तिले बाहेर बोलवा." बघणारे हसून लोळले. अक्काही हसली. मग काट्यावरची माती पुसत बोलली, "फोटोवाल्याचा काय दोष? गिऱ्हाईक म्हनन तसं तो करन. मह्या बापानंच सांगतलं असन. लेकीचं भलं व्हावं म्हनून. राग नाही मले. पन मनात एक राह्यते, बापालेबी मी हाये तशी पुरली नाही."

तो फोटोवाला मी. अक्काला ते ठाऊक आहे, फक्त तिनं नाव घेतलं नाही. स्टुडिओ नवा होता. काका, म्हणजे तिचे वडील, कॅमेऱ्याशेजारी उभे होते. अक्का आत साडी नीट करत असताना ते मला म्हणाले होते, "पोरगी हाये तशी येऊ दे. काही कमी नाही तिच्यात." मी मान डोलावली, आणि ते गेल्यावर बारीक कुंचल्यानं निगेटिव्हवर तिच्या चेहऱ्याला तांबडी शाई लावली. तसं केलं की कागदावर तेवढी जागा उजळ उतरते. आपण उपकार करतो आहोत असंच मला वाटत होतं. हातांचं लक्षातच आलं नाही. मध्यस्थ फोटो परस्पर माझ्याकडून घेऊन गेला आणि काकांनी तो पहिल्यांदा पाहिला तो पाहुण्यांच्या हातात. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. पुतण्याच्या नव्या धंद्याला डाग नको म्हणून असेल, ते तेव्हा बोलले नाहीत आणि पुढंही कधी बोलले नाहीत. माझी शाई स्वतःच्या नावावर घेऊन ते गेले.

ते स्थळ मोडलं, पण अक्काचं काही अडलं नाही. भावजींनी तिला फोटोत नाही, भर बाजारात भेंडी तोलताना पाहिलं आणि तिथंच मागणी घातली. आता ती बोलते तेव्हा ते फोन सावरतात आणि स्वतःच व्हिडिओवर पहिला लाल बदाम टाकतात. दर दिवाळीला दोघं नवे कपडे घालून माझ्याकडे फोटो काढायला येतात. अक्का स्टुलावर बसते, हात मांडीवर ठेवते आणि दरवेळी बजावते, "हाये तशी येऊ दे रे बापा." हे शब्द आधी कोणी म्हटले होते, ते तिला माहीत नाही. मी मान डोलावतो. आता खरंच काही लावत नाही.

तिच्या बापाचं एक वाक्य माझ्याकडे राहिलं आहे. ते तिला तिच्या लाइव्हमध्ये, सगळ्यांसमोर, माझ्या नावानिशी द्यायचं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.