खारट असेल तर खारट म्हणा

निर्मलाबाईंशी माझी खरी ओळख झाली ती खारट सूपामुळे.

मी तेव्हा कोल्हारच्या शाळेत सातवीत होते. बाई आम्हाला इंग्रजी शिकवत, आणि ज्या मुलींना हौस असेल त्यांना रविवारी सकाळी स्वतःच्या घरी स्वयंपाक शिकवत. त्यांच्याकडे फ्रेंच स्वयंपाकाचं एक जुनं, जाडजूड पुस्तक होतं, इंग्रजीत भाषांतर झालेलं. श्रीरामपूरच्या एका रद्दीवाल्याकडे ते त्यांना मिळालं होतं. त्या रविवारी त्यातलं कांद्याचं सूप शिजत होतं. बाईंनी एकेकीला घोटभर चाखायला दिलं आणि कसं झालंय ते विचारलं. सगळ्या ‘छान’ म्हणाल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, “खारट हाय, बाई.”

अन्नाला नावं ठेवू नयेत, हे आपल्याकडे मुलीला नीट बोलता येण्याआधीच शिकवतात. इथे तर शिजवणाऱ्या आमच्या शिक्षिका होत्या. बाईंनी स्वतः एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, “खारटच आहे. कुणीतरी बोलेल म्हणून मघापासून वाट बघतेय.” मीठ त्यांनी मुद्दाम जास्त टाकलं होतं की हात चुकला होता, हे त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. आमची वस्ती बौद्धांची, नदीच्या अंगाला. “शिकाया जा म्हनलं हुतं, चुलीपशी जाऊन चमचा तोंडाला लाव असं म्हनलं न्हवतं,” ती म्हणाली. तिची भीती उगीच नव्हती. बाईंच्या सासूबाई तेव्हा होत्या, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही अशी त्या घराची रीत होती. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. पुढच्या रविवारी बाईंनी देवाचा स्वयंपाक आतल्या चुलीवर ठेवला, आमचा स्टोव्ह पडवीत मांडला, आणि पहिला चमचा माझ्याच हातात दिला. यावर त्या कधी भाषण करत बसल्या नाहीत.

त्या पुस्तकाच्या लेखिकेचा मागच्या पानावर फोटो होता. उतारवयाच्या, अंगाने भरलेल्या, कमरेला पदरासारखं फडकं खोचलेल्या. बाई त्यांना ‘आपल्या फ्रान्सच्या आत्याबाई’ म्हणत. आत्याबाई कुठल्या मोठ्या हॉटेलात शिकलेल्या नव्हत्या, नवऱ्यामागे पोरं वाढवताना शिकल्या होत्या, हे बाई आम्हाला वाचून दाखवत तेव्हा त्यांचा आवाज जरा हलायचा. बाईंचे यजमानही लवकर गेले होते. आत्याबाईंचा एकच हट्ट होता : दर टप्प्यावर थांबा, चाखा आणि जे लागेल ते स्वतःशी खरं बोला. बाईंनी तो धर्म म्हणून पाळला. बाकीच्या बाबतीत मात्र त्या आत्याबाईंचं मुळीच ऐकत नसत. हाडांच्या रश्श्याऐवजी पुरणाच्या डाळीचा कट, वाइनऐवजी उसाच्या रसाचा आंबट शिरका आणि वर भाजलेल्या पावाऐवजी शिळ्या भाकरीचे कुटके. फ्रान्समधल्या माणसाने ते सूप ओळखलं नसतं, पण आम्हाला फ्रान्सचं दुसरं काहीच माहीत नसल्यामुळे चालून गेलं.

पुढे मी नगरला मेस काढली. पहिल्याच आठवड्यात बाई एसटीने आल्या, गिऱ्हाइकांच्या पंगतीत बसल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “शोभा, वांगं कच्चं आहे.” मला असा राग आला की त्यांना ताकही विचारलं नाही. पण भाजी पुन्हा गॅसवर चढवली. आज माझी मेस चालते ती असं बोलणारं एक माणूस पाठीशी होतं म्हणून. कौतुक करणारे पैशाला पासरी मिळतात.

हे सगळं आनंदाने लिहावं असा हा प्रसंग. पण बाईंच्या पंच्याहत्तरीच्या सत्कारासाठी चार शब्द लिहून द्या असा गौरव समितीचा निरोप आला, त्याच आठवड्यात बाईंच्या सूनबाई वैशालीचा फोन आला, आणि तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

मागच्या वर्षीच्या तापानंतर बाईंचा वास गेला आणि वासामागून चव गेली. परत येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. तरी बाई अंदाजाने रांधत होत्या. भेटायला येणाऱ्या जुन्या विद्यार्थिनी जेवत आणि ‘छान झालंय, बाई’ म्हणत. मग एके दुपारी वैशाली आमटी मोरीत ओतत असताना बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. “आईंना वाईट वाटंल म्हनून न्हाई बोलले हो ताई,” वैशाली फोनवर रडत होती. “आता त्या सैपाकघरात पायच ठेवत न्हाईत.”

मी कोल्हारला गेले तेव्हा बाई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर ते पुस्तक. फार वाळल्या आहेत. मला बसूही न देता म्हणाल्या, “हे तू घेऊन जा. वास गेला, चव गेली, ते वयाचं म्हणून सोसलं. पण मी शिकवलेल्या मुलींनी माझ्या तोंडावर ‘छान’ म्हणावं? मग इतकी वर्षं मी शिकवलं काय?”

पुस्तक घेतलं असतं तर सगळं संपलंच असतं. मी सरळ आत गेले, कांदे चिरले आणि लोण्यावर टाकले. मला वाटलं, झालं, आता या उठत नाहीत. बऱ्याच वेळाने बाहेरून आवाज आला, “शोभा, कांदा कोरडा वाजतोय. पाण्याचा हबका मार.”

मग भिंतीला धरत त्या स्वतःच आल्या. कट त्यांनीच ओतला, मीठही त्यांनीच टाकलं. चमचा माझ्या हातात दिला. “खरं सांग,” म्हणाल्या.

माझ्या अगदी ओठांवर ‘छान’ आलं होतं. पंच्याहत्तरीच्या, खचलेल्या बाईला दुसरं काय सांगायचं? वैशालीने आणि त्या मुलींनी का तसं म्हटलं, ते मला तिथे पुरतं कळलं.

“खारट हाय, बाई.”

त्यांनी डोळे मिटले. “किती?”

“लई.”

“मग कट वाढव,” त्या म्हणाल्या, “आणि दोन बटाटे टाक. बघत काय राहिलीस?”

पुढे काही चमत्कार झाला नाही. आम्ही सूप प्यालो. बाईंना ते फक्त गरम लागलं, तसं त्यांनी सांगितलंही. निघताना पुस्तक ओट्यावर होतं. ते त्यांनी पुन्हा माझ्यापुढे केलं नाही.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, अंगात बळ राहो, कान असेच तिखट राहोत. चव परत येवो असं लिहायला माझा हात धजत नाही. खोटी आशा त्यांना खोट्या कौतुकाइतकीच नावडते. समारंभाच्या दिवशी कांद्याचं सूप त्या स्वतः करणार आहेत. एवढ्या एकाच अटीवर त्यांनी सत्काराला होकार दिला आहे. तेव्हा जमणाऱ्या सर्वांना, विशेषतः आम्हा विद्यार्थिनींना, माझी हात जोडून विनंती आहे : शालीबद्दल, हारांबद्दल काय हवं ते बोला, पण वाटी हातात आली की आधी एक घोट नीट घ्या आणि मगच तोंड उघडा. बाई तुमच्याकडे बघत असतील.