जावई वर, फांदी खाली

शकुबाई स्वतः कधी झाडावर चढल्या नाहीत. नवरा काळू वर चढून फांद्या कापायचा आणि शकुबाई खाली दोर धरायच्या. दोराचं एक टोक फांदीला, मधला भाग वरच्या बेचक्यातून, आणि दुसरं टोक बुंध्याला दोन वेढे मारून शकुबाईंच्या हातात. वेढे घासत सुटायचे आणि एवढी थोरली फांदी अलगद अंगणात यायची. सायखेड्याहून लग्न होऊन नाशकात आल्या, तेव्हापासून तीस वर्षं हेच काम.

जावई संघर्ष पिंपळगाव बसवंतला कोल्ड स्टोरेजमध्ये यंत्रं सांभाळायचा. एका रविवारी वत्सलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेच्या बंगल्यात कडुनिंबाचं काम होतं. तिथं तो चकचकीत कप्पी घेऊन हजर झाला.

"मामी," तो सासूला म्हणाला, "तुमचा दोर नुसता घासतो. कप्पीतून बघा कसा सरसर जातो."

"संघर्षराव, घासतो म्हनून तर फांदी धरता येती."

"आता जमाना बदललाय, मामी."

जावयाला किती वेळा नाही म्हणणार? काळूने वर कप्पी बांधली. संघर्षने बुंध्याला वेढे न मारता दोर सरळ स्वतःच्या कमरेला बांधला आणि ओरडला, "कापा, मामा!"

संघर्ष पंचावन्न किलोचा, फांदी त्याच्या दुप्पट. ती खाली निघाली आणि जावई वर. वाटेत दोघांची गाठ पडली तेव्हा पाल्याने त्याचा चष्मा काढून घेतला. फांदी शेवंतीच्या तीनपैकी दोन कुंड्यांवर बसली, आणि संघर्ष काळूच्या तोंडासमोर लोंबकळत थांबला.

"या, बसा," काळू सवयीने म्हणाला आणि फांदीवर सरकला.

आवाज ऐकून वत्सलाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यांनी वर पाहिलं. "अगं बाई! हेसुद्धा चढतात?"

चढणं कसलं, त्याला उतरताही येत नव्हतं. शेवटी काळूने त्याला बेचक्यात बसवून दोर नव्याने बांधला. खाली शकुबाईंनी बुंध्याला दोन वेढे मारले आणि त्याला सोडायला सुरुवात केली.

"मामी, हळू!"

"फांदी कधी बोलत नाय. तुमीबी बोलू नका."

निम्म्यावर तो अडकला आणि एकदम हातभर खाली सटकला.

"हा गचका कसला?"

"सालीला गाठ हाय. दोर तितं धरतो न् मग सुटतो. रोजचंच हाय."

जमिनीवर टेकल्यावर संघर्ष कंबर चोळत पाल्यात चष्मा शोधू लागला. मग त्याने विचारलं, "वर मामांनाही असा गचका बसतो?"

"बसतो ना. फांदी जड असली का अख्खं झाड हलतं. ते मिठी मारून ऱ्हातात."

पुढच्या रविवारी उरलेल्या फांद्या कापायला तो जाड लोखंडी नळी घेऊन आला. तिला दोन्ही टोकांना खुंट्या वेल्ड केलेल्या आणि बुंध्याला बांधायला पट्टा. "कप्पी वर राहू दे, बेचक्यात दोर झिजणार नाही," तो म्हणाला. "खाली वेढे तुमचेच. फक्त सालीवर न मारता नळीवर मारा."

शकुबाईंनी नळीवरून हात फिरवला. "गुळगुळीत हाय. मग दोन नाय पुरायचे, तीन लागतील."

या वेळी संघर्षने मान डोलावली.

काळूने सगळ्यात जड फांदी कापली आणि डोळे मिटून बुंध्याला मिठी मारली. खाली दोर न अडकता सुटत गेला. उरलेल्या कुंडीच्या वीतभर वर शकुबाईंनी फांदी थांबवली, वत्सलाबाईंनी कुंडी उचलून बाजूला नेली, मग फांदी खाली टेकली.

"अडकली का गं?" वरून काळूने डोळे न उघडताच विचारलं.

"उतरली बी!"

त्याने एक डोळा उघडून पाहिलं, मग दुसरा.

नळी शकुबाईंनी घरी नेली आणि संघर्षनेही ती परत मागितली नाही. गंजू नये म्हणून काळू तिला तेल चोळायला बसला, तेव्हा शकुबाईंनी त्याच्या हातातली बाटली हिसकावून घेतली.

"जावयाची चाकरी करा, पन तेल लावू नका. दोर निसटून पुन्हा कोनतरी वर जाईल."