दोन नावांचा कुत्रा

जखमेतल्या अळ्या चिमट्याने वेचताना वासंती मेश्रामला किळस वाटत नसे. पहिल्या आठवड्यात एकदा ओकली, तेवढंच. भंडाऱ्याहून नवऱ्यामागे ती पुण्यात आली, त्याच्या कारखान्याला टाळं लागलं आणि कर्वेनगरच्या मागे, नदीकडच्या उतारावर भटक्या कुत्र्यांच्या आश्रमात ती पिंजरे धुवायला लागली. त्याला आता सहा वर्षं झाली होती. पाण्याने जाते ती कसली घाण, असं ती म्हणायची.

आश्रम यमुनाताईंचा. शनिवार पेठेतल्या निवृत्त शिक्षिका. फंडाचे पैसे घालून त्यांनी पत्र्याची शेड उभी केली होती. पुढे हिंजवडीत कंपन्या आल्या, तसा अभय आला. कॉम्प्युटरवाला, हुशार, हसतमुख. शनिवारी पाच-सहा मित्र घेऊन यायचा, मेलवर ग्रुप काढून कुत्र्यांना घरं मिळवून द्यायचा. दीड वर्ष दोघांचं छान जमलं. मग एका पेपरात अभयचा फोटो आला आणि खाली छापलं, 'आश्रमाचे संस्थापक'. चूक पेपरवाल्यांची. पण अभयने ती दुरुस्त करून घेतली नाही आणि ताईंनी त्याला तोंडावर विचारलं नाही. शिकलेल्या माणसांचा अबोला एकदा बघावाच. दोघं एकाच पत्र्याखाली उभे राहायचे आणि मध्ये जणू भिंत असायची.

बोलायचं उरलं ते वासंतीच्या तोंडून. "त्यांना म्हणावं, पिंजऱ्याची कडी लावल्याने संस्थापकांचे हात झिजत नाहीत," असं ताई सांगायच्या. अभयचा उलटा निरोप असायचा, की मॅडमना सांगा, जमाना बदललाय. निरोप पोचवला की ऐकणारा तिच्यावरच डाफरायचा. एकदा तिने आपणहून ताईंना सांगितलं की खरजेचं औषध साहेबांनी लावलंय, आज परत लावू नका. दुसऱ्या दिवशी अभयने तिला बाजूला घेऊन बजावलं, की आमच्या गोष्टी तिकडे लावायच्या नाहीत. ताईंनी तर सरळ चहाडखोर म्हटलं. तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप लावलं.

कुत्र्यांचीही वाटणी झाली. निळं कार्ड ताईंचं, पिवळं अभयचं. फाटक्या कानाचा एक तांबडा कुत्रा मात्र दोघांनाही हवा होता. ताईंनी तो स्वारगेटच्या डेपोजवळून उचलून आणला होता आणि अभय त्याच्यासाठी घर शोधत होता. त्याच्या पिंजऱ्यावर दोन कार्डं लोंबायची. निळ्यावर 'तांबू', पिवळ्यावर 'रस्टी'. कुत्रा दोन्ही नावांना शेपूट हलवायचा, बिचाऱ्याला काय ठाऊक.

त्याला फिट यायची. दर गुरुवारी येणारे जनावरांचे डॉक्टर उत्तरेश्वर जगदाळे यांनी रोज एक गोळी लिहून दिली. ताई सकाळी पोळीच्या तुकड्यात घालून ती भरवायच्या. अभयला वाटलं, म्हाताऱ्या बाईच्या लक्षात काय राहणार. त्याने स्वतःची गोळ्यांची पट्टी विकत आणली आणि संध्याकाळी ऑफिसातून येताना तो गोळी द्यायला लागला. वासंती दोन्ही बघत होती. रंग तोच, आकार तोच. तिसऱ्या दिवशी कुत्रा झोकांड्या खायला लागला. सांगावं का? सांगितलं की पुन्हा तेच ऐकून घ्यायचं. त्यांचं ते बघून घेतील, असं म्हणून तिने पाण्याचा पाइप उचलला.

नवव्या दिवशी गुरुवार होता. कुत्रा उठेना. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पाय चिमटून पाहिले. ताई होत्या, अभयही अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आला होता. दोघं पिंजऱ्याच्या दोन टोकांना उभे. डॉक्टर म्हणाले, दुखणं मेंदूपर्यंत गेलेलं दिसतंय, हाल नकोत, इंजेक्शन देऊन सोडवू. मग त्यांनी सवयीने विचारलं, गोळी रोज एकच जात होती ना?

ताईंनी अभयकडे पाहिलं, अभयने ताईंकडे. दोघांनाही त्या क्षणी काय ते कळलं, हे वासंतीला स्वच्छ दिसलं. तरी कुणी ब्र काढला नाही. आधी बोलेल तो हरणार होता. डॉक्टर बॅग उघडायला वाकले.

"दोन जात होत्या जी," वासंती म्हणाली. "सकाळी ताई देत, संध्याकाळी साहेब. नऊ दिवस झाले."

डॉक्टरांचा हात बॅगेतच थांबला. मग त्यांनी सलाइनची बाटली बाहेर काढली. ही औषधाची गुंगी आहे, गोळी बंद ठेवा, बहुतेक उठेल, एवढंच ते बोलले.

तेव्हा यमुनाताईंनी तोंड उघडलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा, सरळ अभयशी. "हिला माहीत होतं. आणि ही नऊ दिवस गप्प बसली."

"तेच ना मॅडम," अभय म्हणाला. "आपण कितीही सिस्टिम लावली, स्टाफच असा असेल तर काय करणार?"

"बरोबर आहे तुमचं."

वासंतीला शिसारी आली. एवढे महिने या दोघांनी एकमेकांशी बोलावं म्हणून ती झुरली होती, आणि बोलले ते हे. त्याहून वाईट म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं. डोळ्यांदेखत एक जीव लडखडत होता आणि तिने पाइप धरून आपली कातडी वाचवली होती. यांच्यात राहून आपण यांच्यासारख्याच झालो, हे उमगलं आणि तिच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

"हो, चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्हा दोघांचं ऐकलं."

तिने दोन्ही कार्डं ओढून काढली आणि शेणामुताच्या बादलीत टाकली. उद्यापासून गोळ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे, तिने सांगून टाकलं. गोळी देईन ती मीच. निरोप नेणार नाही आणि लपवणारही नाही. जे दिसेल ते दोघांना समोरासमोर उभं करून सांगेन. ज्याला चालत नसेल त्याने सकाळी सहाला येऊन पिंजरे धुवावेत. सकाळी सहाला येणारं दोघांपैकी कुणीच नव्हतं. त्यांनी माना डोलावल्या.

सलाइनची बाटली धरून कुणीतरी बसायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. अभयला चार वाजता कॉल होता. मॅडम, पेठेत सोडतो तुम्हाला, वाटेत नवे नियम ठरवून टाकू, असं तो ताईंना म्हणाला आणि ताई त्याच्या गाडीत बसल्या. फाटकापर्यंत त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. विषय वासंतीचाच होता.

ती फरशीवर बसली, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटली उंच धरली. हात भरून आला तसा तिने तो बदलला. तासाभराने कुत्र्याने तिच्या लुगड्यावर लघवी केली, ऊन आणि भरपूर. डॉक्टर हसून म्हणाले, आता जगतो हा. त्या सबंध दिवसात वासंतीच्या अंगाला लागलेली तेवढीच एक गोष्ट स्वच्छ होती.