दरीतून वर आणलेली गाडी

रोहिणखेडचे विश्वनाथ मिस्त्री गेल्याची बातमी साखरखेर्ड्याला माझ्यापर्यंत आली ती एसटीच्या कंडक्टरकडून. शाळा सुटली होती, मी फाटकाला कडी घालत होते. त्यानं खिडकीतून मान काढून सांगितलं, "बाई, तुमचे भासरे गेले. सकाळीच गेले." मी मान हलवली आणि पिशवी खांद्याला लावली. खरं सांगायचं तर त्या वेळी मनात पहिलं आलं ते दुःख नव्हतं. दादा गेले आणि तो माणूस अजून जिवंत आहे, हे आधी मनात आलं. रडू त्यानंतर आलं.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. मी त्यांना दादा म्हणत असे, तेही बरीच वर्षं फक्त मनात. आमच्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडून बोलायचं नाही, अशी रीत होती. त्यांना काही सांगायचं असलं तर मी सासूबाईंना सांगायची आणि सासूबाई त्यांना सांगायच्या. दादाही मला काही हवं-नको विचारायचे ते भिंतीकडे बघून. त्यांनी लग्न केलं नव्हतं. वसंताला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनीच वाढवलं, त्यांनीच गाडी चालवायला शिकवलं आणि स्वतः ज्या शेठकडे मिस्त्री होते त्याच्याच ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लावून दिलं. त्या शेठचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते छापून यावं एवढी त्याची लायकी नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली होती. बुलढाण्याहून कापसाच्या गाठी मलकापूरच्या रेल्वेला जायच्या, राजूर घाट उतरून. वसंताच्या गाडीच्या पुढच्या चाकाचं ब्रेकचं तेल गळत होतं. दादांनी शेठला सांगितलं की गाडी उभी ठेवा, सामान अकोल्याहून मागवावं लागेल. शेठ म्हणाला, त्या चाकाकडे जाणारा पाइप चेपून बंद कर, बाकीच्या चाकांवर गाडी चालते. दादांनी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते आत्याच्या घरच्या लग्नाला गेले, तेवढ्यात शेठनं दुसऱ्याकडून पाइप ठोकून घेतला आणि गाडी भरून वसंताला पाठवलं... घाटाच्या दुसऱ्या वळणावर ती दरीत गेली. वसंताचं प्रेत लोकांनी वर आणलं. गाडी खालीच राहिली.

एवढ्यावर थांबला असता तरी मी त्याला कदाचित नुसता लोभी म्हटलं असतं. पण त्यानं बाजारात सांगितलं की पोरगा पिऊन होता, केबिनमध्ये बाटली सापडली. वसंता सुपारीसुद्धा खात नव्हता. तरी लोकांनी ते धरलं. सांत्वनाला आलेल्या बायका माझ्याकडे बघत आणि उठताना एकमेकींच्या कानाला लागत. सासूबाईंनी देवळात जाणं सोडलं. दादा ठिकठिकाणी जाऊन पाइपाचं सांगून आले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, भाऊ आहे, भावाची बाजू घेणारच. दरीत उतरून बघायला कोणी तयार नव्हतं, आणि गाडी पुढच्या अंगानं दगडात रुतलेली असल्यामुळे वरून काही दिसत नव्हतं. दादा स्वतः उतरले, चाकाखाली हात घालून पाइप चाचपून आले. त्या दिवशी हातपाय न धुता ते ओसरीवर बसले आणि सासूबाईंना म्हणाले, पण ऐकवलं मला, "माह्या बोलण्यावर कोणी इस्वास ठेवत नाही. गाडीच आणतो बाजारात. ते तं कोणाचा भाऊ नाही."

शेठनं ती गाडी भंगारात विकायला काढली होती. दरीतून काढणार कोण, म्हणून कोणी घेत नव्हतं. गावातले लोहार रशीदभाई दादांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांनी ती आपल्या नावावर घेतली. शेठनं हसत हसत दिली, आणि वर म्हणाला, "काढशीन तवा काढशीन." त्याला वाटलं, लोखंडासाठी हा खुळा झाला आहे.

मग दादांनी नोकरी सोडली आणि लष्करातून लिलावात निघालेला एक जुना ट्रक आणला. तो आमच्या अंगणात उभा राहिला तेव्हा तुळस हलवावी लागली. त्या ट्रकला मागे ओढायचा हुक आणि वर तारेचा दोर गुंडाळायची चरखी बसवायची होती, आणि गावात तेव्हा वीज नव्हती. सगळं हातानं. पहिला हुक दादांनी घाईत बसवला, चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, मागच्या आडव्या पट्टीला भोकं पाडून दोन बोल्ट आवळले. वेशीजवळच्या मोठ्या दगडाला दोर बांधून ओढून पाहिलं, तर दगड जागचा हलला नाही आणि पट्टीच कागदासारखी वाकून हुकासकट बाहेर आली. दादांनी हातातला घन फेकला. रशीदभाईंनी तो उचलून भिंतीला टेकवला. म्हणाले, "मिस्त्री, आज तू गुस्स्यात हायेस. मी घरी जातो. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी दोघंही शांत होते. मला वाटतं त्या दिवसापासून दादांचा राग कामाला लागला. त्यांनी पट्टीचा नाद सोडला. चासीच्या दोन्ही लांब तुळयांना आतून जाड लोखंडी पट्टे लावले, पार केबिनच्या मागपर्यंत, म्हणजे ओढ एका जागी न बसता सगळ्या गाडीवर वाटली जाईल. हुक जुन्या अॅक्सलमधून घडवायचा ठरला. भट्टी अंगणातच मांडली. भाता ओढायला माणूस नव्हता. मी पदर कमरेला खोचला आणि जाऊन बसले. सासूबाई दारातून बघत होत्या. दादा भिंतीकडे बघून म्हणाले, "जोरानं ओढा लागते." मी जोरानं ओढला. लोखंड लाल झालं, मग पिवळं, आणि रशीदभाईंच्या घनाखाली वळायला लागलं. माझे तळहात सोलून निघाले. त्या दिवसांत मला वसंता आठवून रडू यायचं नाही, शेठचा चेहरा दिसायचा, आणि भाता अजून जोरात चालायचा. हे मी अभिमानानं लिहिते आहे.

गाडी वर काढायला सगळा दिवस गेला. वरच्या ट्रकची चाकं दगडांनी अडवून, त्याला पुढून एका जुन्या चिंचेला बांधून, चरखीनं दोर थोडाथोडा गुंडाळत. दोनदा ती अडकली, दोनदा रशीदभाई दोर धरून खाली उतरले. शेवटी केबिनचा चेपलेला भाग कठड्यावर दिसला तेव्हा दादांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग तिचं तोंड उचलून हुकाला अडकवलं, मागची चाकं जमिनीवर, पुढची हवेत.

मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी आम्ही ती तशीच ओढत नेली. मी ट्रकमध्ये दादा आणि रशीदभाई यांच्या मध्ये बसले होते. शेठच्या गादीसमोर दादांनी गाडी थांबवली. मागची गाडी तोंड वर करून उभी, आणि पुढचं डावं चाक बरोबर माणसाच्या डोळ्यांसमोर. चाकाकडे जाणारा पाइप घन मारून चेपलेला, वर पुन्हा दुमडलेला. घनाचे वण स्पष्ट दिसत होते. पडून कुठलाही पाइप तसा दुमडत नाही, हे ड्रायव्हर लोकांना सांगावं लागलं नाही. शेठचेच चार-पाच ड्रायव्हर तिथे होते. एकानं बोट लावून पाहिलं आणि आपल्या गाडीखाली जाऊन आडवा झाला. मग दुसरा. तिसऱ्याच्या गाडीखाली तसाच चेपलेला पाइप निघाला.

शेठ पायऱ्या उतरून आला. "काऊन तमाशा करून राह्यला बे मिस्त्री?"

दादा म्हणाले, "एकच इचारतो. वसंता पिऊन होता का?"

शेठनं इकडे तिकडे पाहिलं. बाजार थांबला होता. भाजीवाल्या उभ्या राहिल्या होत्या. त्याचे स्वतःचे ड्रायव्हर हाताला लागलेलं काळं तेल पुसत त्याच्याकडे बघत होते. तो खाली मान घालून पुटपुटला, "नव्हता."

मी ट्रकच्या पायरीवर उभी होते. डोक्यावरचा पदर कधी सरकला ते मला कळलं नाही. मी म्हणाले, "मले ऐकू नाही आलं."

दादांनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ तोंडाकडे. मग ते शेठकडे वळून म्हणाले, "त्यायले ऐकू नाही आलं."

"नव्हता पिऊन," शेठ म्हणाला.

"त्या भाजीवाल्या बायकांले ऐकू जाऊ द्या," मी म्हणाले. तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. आणि बाटली कोणी ठेवली तेही मी विचारलं, आणि ती आपणच ठेवायला लावली हेही त्यानं सांगितलं. ड्रायव्हरांनी एकेक करून किल्ल्या त्याच्या गादीवर ठेवल्या. दादांनी हुक सोडवला, ती गाडी तिथेच त्याच्या दारात टाकली आणि आम्ही परत आलो. घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंना नाही, मला सांगितलं, "चहा ठेवा." तेव्हापासून आमच्या घरातली ती रीत संपली. पुढे मला शिकायला बुलढाण्याला त्यांनीच पाठवलं. पहिल्या दिवशी त्याच ट्रकनं सोडलं, आणि कॉलेजच्या दारात भोंगा वाजवून मला लाजवलं.

तो हुक नंतर आमच्या घराचा धंदा झाला. घाटात अडकलेली, घसरलेली, बंद पडलेली गाडी म्हटली की माणूस रोहिणखेडला धावायचा. दादांनी कधी कोणाला नाही म्हटलं नाही, एकाला सोडून. शेठच्या गाड्या कमी होत होत एकच उरली, तीही एकदा पावसाळ्यात वळणावर गाळात बसली. शेठ स्वतः आमच्या अंगणात आला. दादा वांग्याचं भरीत खात होते. शेठचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हुक तुटला." हुक शेठच्या पाठीमागे अंगणात चांगला लोंबत होता. शेठ त्याच्याकडे बघून निघून गेला. दादांनी अजून एक भाकरी मागितली. मी आत जाऊन तोंडावर पदर धरून हसले.

शाळेतल्या एक बाई मला नेहमी सांगतात की माफ केल्यानं मन हलकं होतं. त्यांचं होत असेल. माझं मन त्या बाजारात हलकं झालं, आणि दादांचंही. त्यानंतर ते शांत झोपायचे, घोरायचे, सासूबाई तक्रार करायच्या. सूड घेऊन माणूस आतून कुजतो असं लिहिलेलं मी वाचलं आहे. मी ज्यांच्या घरात राहिले ते कुजले नाहीत. ते पुढे कितीतरी वर्षं लोकांच्या गाड्या घाटातून वर काढत राहिले आणि एका सकाळी झोपेतच गेले.

दादांच्या तेराव्याला शेठ आला. आता काठी घेऊन चालतो, गुडघे वाकत नाहीत. सगळे सतरंजीवर बसले होते. पडवीत दादांची खाट होती, ज्यावर ते दुपारी पडायचे, सुताची, मधे त्यांच्या पाठीचा खोलगट आकार पडलेली. शेठ तिच्याकडे वळला. मी म्हणाले, "तिथं नका बसू."

तो थांबला. "मिस्त्री लय चांगला माणूस होता," तो म्हणाला. मी म्हणाले, "हो." त्याला पाणी आणून दिलं. ते त्यानं काठीवर भार देत उभ्यानंच प्यायलं, भांडं खाली ठेवायला वाकता येईना म्हणून माझ्याच हातात परत दिलं आणि गेला.

खाट अजून पडवीत आहे. रशीदभाई संध्याकाळी येऊन तिच्यावर बसतात. शेजारची मुलं उड्या मारतात, मांजर झोपतं, वाटसरू टेकतात. सूत सैल झालं होतं, मागच्या रविवारी मी आणि रशीदभाईंनी मिळून ते ताणून घेतलं. मधला खोलगटपणा मात्र गेला नाही...