डालग्यावरची घोंगडी

नोकरीत तपासलेले किती तरी खून विसरलो. निवृत्तीनंतर नुसता कागदांवर पाहिलेला एक मात्र आजही मनातून हलत नाही.

पलूसकडची ऐंशी पार केलेली एक धनगर बाई कराडला माझ्या दारात आली. तिच्या लहानपणी एका बागायतदाराचा खून झाला होता. खतासाठी त्याच्या रानात मेंढरं बसवणारा तिचा बाप जन्मठेपेवर गेला आणि तुरुंगातच वारला. त्या खुनावर तमाशात वगही निघाला होता. तो मीही ऐकून होतो.

“सायेब, नातवाला पोरगा झालाय. माज्या आबाचं, माज्या बाचं नाव ठेवू म्हनलं की घरची तोंड फिरवत्यात. खुन्याचं नाव कोन ठेवंल? तुमी कागद बगा. त्यानं केलं आसंल तर तसं सांगा, मी गप बसंन.”

तिला नाही म्हणवेना. अर्ज करून निकालपत्राच्या आणि पंचनाम्याच्या नकला काढल्या. पुरावा काय? आदल्या संध्याकाळी मालकाशी भांडण, प्रेताजवळ तिच्या बापाची लोकर कातरायची कात्री आणि पहाटे तो कराडच्या रस्त्यावर सापडला. ‘खबर द्यायला निघालो होतो,’ हा त्याचा जबाब. नेहमीची थाप, असं मीही म्हटलं असतं.

मग पंचनाम्यातली एक ओळ आडवी आली: ‘मेंढरे जाळीत बंद. बांबूच्या डालग्याखाली झाकलेली दोन कोकरे, वरून काळी घोंगडी पांघरलेली.’

माझा आजा मेंढरांमागेच फिरला. पळणारा धनगर कळप टाकेल एक वेळ, पण घोंगडी खांद्यावर घेतल्याशिवाय निघायचा नाही. तेच त्याचं अंथरूण-पांघरूण. हा थंडीत उघडा गेला होता. तो परत येणार होता.

म्हातारीला वाचून दाखवलं. “कोकरांवर घातली व्हय?” एवढंच म्हणाली आणि रडू लागली. माझेही डोळे भरले.

खून कोणी केला ते कागदात नाही आणि निकाल मला बदलता येत नाही, हे तिच्या घरच्यांना स्पष्ट सांगितलं. मग नातवाला विचारलं, “पळनारा मानूस घोंगडी मागं ठेवतो का रं?”

तो मान खाली घालून म्हणाला, “न्हाई सायेब.”

पंचनामा करणाऱ्याने काम चोख केलं होतं. त्या ओळीपाशी थांबलं मात्र कोणी नाही. आता तरुण अधिकारी भेटला की सांगतो, आरोपी काय घेऊन गेला ते बघतोसच, काय ठेवून गेला तेही बघ.

बारशाला मला आग्रहाने नेलं. आत्या नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली, तशी म्हातारीने तिचा हात धरला.

“कानात न्हाई गं. समद्यांस्नी ऐकू जाऊ दे.”