पावण्यांसाठी तापवलेली गाडी

आमच्या मिस्त्रींना गाडीचं दुखणं सांगायची सोय नाही. मी तोंड उघडलं की ते हात वर करतात. "पावणं, गाडीला बोलू द्या की!" मग डोळे मिटून बॉनेटला कान लावतात आणि इंजिनाच्या वरताण आवाजात स्वतःच बोलत राहतात.

माझी जुनी डिझेल गाडी थंडीत सकाळी पांढरा धूर ओकते, थरथरते, दोन-तीनदा बंद पडते. मिस्त्री गॅरेज उघडतात अकराला. तोवर ऊन खाऊन ती शहाण्यासारखी चालते. "काय बी झालं न्हाय. तुमालाच थंडी वाजत्या," हे त्यांचं निदान.

शेवटी गाडी त्यांच्याच दारात मुक्कामाला ठेवली. "सकाळी सातला येतो. गार गाडी तुमच्यासमोर सुरू करतो. तोवर हात लावू नका," असं बजावलं.

सातला पोचलो, तर गाडी सुरूच.

"तुमी येणार म्हणून तापवून ठिवली," मिस्त्री म्हणाले. "लई धूर काढला, चारदा बंद पडली. आता ऐका, हाय काय आवाज?"

पाहुणचारात कमी नव्हती. माझ्यासाठी चहाही आणून ठेवला होता. तो तेवढा पार गार झाला होता.