मॅव्हिसबाईंचा हाय टी

मॅव्हिसबाई बोलायला लागल्या की आमच्या गावात त्यांचं कोणी ऐकत नाही. सगळे त्यांचे उच्चार ऐकतात.

त्या इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या. मासळी बंदराचं गाव. वडील बोटीवर, आई मासे साफ करायच्या कारखान्यात. शाळा सुटली तशा त्या आणि त्यांची बहीण आयलीनही तिथेच. पुढे अमेरिकी विमानदलातल्या जीन क्लॉसन नावाच्या मेकॅनिकशी लग्न केलं आणि ओहायोतल्या आमच्या हार्लन फॉल्समध्ये आल्या. जीन वारले. या राहिल्या. आता लॉर्ना टटलच्या इंग्लिश चहागृहात वाढपाचं काम करतात. मीही तिथेच करते. साहित्याची पदवी घेतलेल्याला आमच्या गावात दुसरं काम नाही.

लॉर्ना इंग्लंडला कधीच गेलेली नाही. तिला अस्सल इंग्लिश बाई हवी होती, म्हणून तिने यांना ठेवलं. पहिल्याच दिवशी मॅव्हिसबाईंनी एका टेबलाला विचारलं, "काय आणू गं पोरींनो?" लॉर्नाचा चेहरा पडला.

"जरा इंग्लिश बोल ना," ती म्हणाली.

"मग आत्ता काय बोलले?"

"तसं नाही. राणीसारखं."

"राणीनं आठ तास मासे चिरले असते तर तीही अशीच बोलली असती."

गिऱ्हाइकांचं तर विचारूच नका. "लंडनमध्ये माझ्या चुलतभावाची बायको असते, तुम्ही ओळखत असाल." "घरी बटलर होता का?" आमच्या लोकांना इंग्रज पक्का ठाऊक आहे. तो सभ्य असतो, दात वाईट असतात, मनातलं सांगत नाही, आणि रडत तर नाहीच. मॅव्हिसबाई यातल्या कशातच बसत नाहीत. त्यांचे दातसुद्धा चांगले आहेत. एकदा त्यांनी एका माणसाला सुनावलं, "मेल्या, खुर्चीवरचे पाय खाली घे." त्याने फोन काढला आणि म्हणाला, "पुन्हा एकदा म्हणा ना, बायकोला ऐकवतो."

ऑक्टोबरमध्ये आयलीन गेली. मॅव्हिसबाईंच्या पायात रक्ताची गाठ झालेली, डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलेला. जाता येणार नव्हतं.

त्यांनी लॉर्नाला विचारलं, "रविवारी आपलं बंद असतं. आयलीनसाठी हाय टी करू का इथं? चारच माणसं बोलावीन. बसू, खाऊ, तिच्याबद्दल बोलू."

लॉर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळं माझ्यावर सोड. तू कशाला हात लावायचा नाहीस."

कप पुसताना मॅव्हिसबाई मला म्हणाल्या, "हॅम तेवढा बघायला सांग तिला. जाड काप. ब्रेड, बटर, लोणच्यातले कांदे, डब्यातले पीच. आई गेली तेव्हाच्या जेवणात हॅम कमी पडला. मी आणला होता. आयलीननं जन्मभर ऐकवलं मला."

"हाय टीला हॅम?" मी विचारलं.

"मग काय खायचं? हाय टी म्हणजे कामावरून आलेल्या माणसाचं संध्याकाळचं जेवण, पोरी. टेबलाशी बसून, पोटभर. तुम्हा लोकांना वाटतं, हाय म्हणजे उमरावांचा."

मी लॉर्नाला हॅमचं सांगितलं. "हॅम, हो," ती म्हणाली. यादीत लिहून घेतलं.

रविवारी मी दार उघडलं आणि तशीच उभी राहिले. छताला इंग्लंडचे झेंडे. कुठूनतरी वीणेसारखं काहीतरी वाजत होतं. चार माणसांऐवजी चहागृह भरलेलं. बायकांच्या डोक्यावर पिसांच्या टोप्या, हातांत जाळीचे हातमोजे. टेबलांवर तीन मजली ताटल्या, त्यांत करंगळीएवढे केक. दाताचे डॉक्टर फिस्क उंच काळी टोपी घालून आलेले. ते पुढे झाले आणि नाकातून बोलले, "आपल्या भगिनींच्या देहावसानाने आम्ही अत्यंत व्यथित आहोत, बाईसाहेब."

मॅव्हिसबाई काळ्या स्वेटरमध्ये होत्या. हातात फ्रेम. समुद्रकिनाऱ्यावर गाढवावर बसलेली आयलीन, आइस्क्रीम हनुवटीवर ओघळलेलं. ती फ्रेम ठेवायला टेबलावर जागा नव्हती.

"हॅम कुठंय?"

लॉर्नाने कडा कापलेलं, बोटाएवढं सँडविच दाखवलं. मॅव्हिसबाईंनी वरचा ब्रेड उचलून आत पाहिलं.

"हा हॅम नाही, लॉर्ना. हा हॅमचा वास आहे."

लोक खुदकन हसले. इंग्लिश विनोद, कोणीतरी शेजारणीला सांगितलं.

मग त्या उभ्याच बोलायला लागल्या. कारखान्यातला मुकादम, त्याने आयलीनला काहीतरी लागट बोलणं, आयलीनने कॉड माशाचं मुंडकं उचलणं. मुंडकं हवेत असतानाच त्यांना रडू फुटलं. मोठ्याने, नाक वाहात.

आमच्या गावात कोणी रडलं की लोक मिठी मारतात. पेट्रोल पंपावर, अनोळखी माणसालाही. त्या दिवशी कोणी उठलं नाही.

"बघू नका," लॉर्ना हळूच म्हणाली. "इंग्लिश लोकांना संकोच वाटतो."

सगळ्यांनी माना कपात घातल्या. डॉक्टर फिस्कची करंगळी वर होती.

"अरे, कुणी जवळ घ्याल का मला?" मॅव्हिसबाई म्हणाल्या.

"किती छान म्हणाली," एक पिसांची टोपी कुजबुजली.

मी हातातली किटली खाली ठेवेपर्यंत मॅव्हिसबाईंनी फ्रेम काखेत मारली होती. "चल गं," त्या मला म्हणाल्या. लॉर्ना मागून विचारत होती, स्कोन गरम हवे होते का.

रस्त्यापलीकडे जेवणाची साधी खानावळ आहे. वाढायला नवीन मुलगी होती.

"हॅम," मॅव्हिसबाई म्हणाल्या. "जाड काप, भरपूर. ब्रेड, बटर. आज बहिणीला पोचवायचंय."

मुलगी लिहायची थांबली. "किती गोड बोलता तुम्ही. ऑस्ट्रेलिया का?"

मॅव्हिसबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा काटा बाजूला सरकवला. त्यांनी कपाळ हातात धरलं. खांदे हलायला लागले. मी उठून त्यांना धरलं, तेव्हा कळलं की त्या हसत होत्या. मग हसत नव्हत्या. मी सोडलं नाही.

हॅम आला. वर अननसाची चकती.

"हे कोणी सांगितलं होतं?" त्यांनी चकती उचलून माझ्या ताटलीत टाकली आणि खायला लागल्या. मुकादमाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मुंडकं त्याच्या चहाच्या मगात पडलं होतं.

आम्हा दोघींना संपेना, एवढा हॅम होता. मॅव्हिसबाईंनी ताटली फ्रेमसमोर सरकवली.

"घे," त्या आयलीनला म्हणाल्या. "आता म्हण कमी पडला म्हणून."